रातबेडकांचं कुळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की ओढ्याकाठचे फोटो यायला लागतात आणि खाली ठरलेले प्रश्न: हा कोणता, नाव का बदललं, इतका जुना कसा. गेल्या काही पावसाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रातबेडूक म्हणजे नेमके कोणते बेडूक? सगळेच बेडूक रात्री बाहेर पडतात ना?

बहुतेक पडतात. त्यामुळे नावावरून काही कळत नाही, हे मान्य. इथे ‘रातबेडूक’ म्हणजे निक्टिबॅट्रॅकिडी या कुळातले बेडूक. हे कुळ फक्त पश्चिम घाट आणि श्रीलंका इथेच आढळतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्यातला सर्वांत मोठा वंश निक्टिबॅट्रॅकस. ‘निक्ट’ म्हणजे ग्रीकमधली रात्र, ‘बॅट्रॅकस’ म्हणजे बेडूक. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्या ‘नक्त’ व्रतातला शब्द आणि हा ‘निक्ट’ एकाच मुळातून आलेले आहेत. मराठीत या बेडकांना सर्वत्र चालणारं असं नाव नाही. ‘रातबेडूक’ आम्ही सोयीसाठी वापरतो.

२. कुळ, वंश, प्रजाती, जाती... पेपरात एक लिहितात, पुस्तकात दुसरंच. खरं काय?

हा घोळ आपल्या भाषेतलाच आहे. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या पायरीसाठी आणि ‘जाती’ खालच्या पायरीसाठी येतो. वर्तमानपत्रं मात्र खालच्या पायरीलाच सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. म्हणून इथे ‘प्रजाती’ हा शब्दच टाळला आहे. कुळ ही मोठी पायरी, त्यात अनेक वंश, आणि प्रत्येक वंशात अनेक जाती. निक्टिबॅट्रॅकिडी हे कुळ, निक्टिबॅट्रॅकस हा वंश, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी ही जाती. आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिल्यासारखं.

३. या कुळात एकूण किती बेडूक आहेत?

वंश तीन. निक्टिबॅट्रॅकस पश्चिम घाटात, त्यात ३५च्या आसपास जाती. लंकानेक्टिस श्रीलंकेत, त्यात दोन जाती. ॲस्ट्रोबॅट्रॅकस केरळच्या वायनाडमध्ये, त्यात एकच. तिन्ही वंशांना स्वतंत्र उपकुळं (कुळ आणि वंश यांच्या मधली पायरी) दिलेली आहेत. एका बेडकासाठी अख्खं उपकुळ कशाला, त्याचं उत्तर प्रश्न ९मध्ये.

‘च्या आसपास’ म्हटलं, कारण आकडा हलता आहे. का हलतो, ते प्रश्न ६मध्ये.

४. ओढ्यावर दिसला तर ओळखायचा कसा?

आधी जागा बघा. सह्याद्रीतला बारमाही किंवा निदान पावसाळाभर वाहणारा, झाडीतला ओढा असेल तरच पुढे जायचं. मग टॉर्च डोळ्यांवर न मारता बाजूने धरा आणि डोळ्याची बाहुली बघा. रातबेडकाची बाहुली शंकरपाळ्यासारखी चौकोनी, उभट दिसते. कातडीवर सुरकुत्या, म्हणूनच काही जण यांना सुरकुतीवाले बेडूक म्हणतात. कानाचा पडदा बाहेरून स्पष्ट दिसत नाही. बोटांच्या टोकांना छोट्या चकत्या. प्रौढ नराच्या मांडीच्या आतल्या बाजूला ग्रंथीचा फुगवटा.

यातली एकच खूण पाहून निष्कर्ष काढू नका. सुरकुत्या तर ओल्या पाल्याच्या सावलीतही दिसतात, हा स्वानुभव आहे.

अंगणातल्या नळापाशी बसलेला खडबडीत गडी हा भेक, म्हणजे इंग्रजीतला टोड. भातखाचरात पावसाच्या सुरुवातीला पिवळाजर्द होऊन ओरडणारा मोठा बेडूक हाही वेगळ्याच कुळातला. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून पकडतात तो हाच. त्याला पकडणं आणि खाणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

५. महाराष्ट्रात आणि गोव्याकडे कोणते सापडतात?

सर्वांत ओळखीचा निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, इंग्रजीत याच्या नावाला ‘बॉम्बे’ लावतात. भादुरी आणि कृपलानी यांनी १९५५मध्ये त्याचं वर्णन केलं. नाव पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून दिलं आहे. मुघल बादशहाचा इथे काही संबंध नाही (हे विचारणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात). दुसरा निक्टिबॅट्रॅकस डॅनिएली, २०११मध्ये नाव मिळालेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनिएल यांच्या सन्मानार्थ हे नाव. हे दोघे नुसत्या फोटोवरून वेगळे करण्याचा हट्ट धरू नका.

तिसरा निक्टिबॅट्रॅकस पेट्रिअस. गोव्याच्या सीमेला लागून, कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकवरून इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २००५मध्ये त्याचं वर्णन केलं. नावात खडक आहे: ग्रीकमधला खडक आणि गावाच्या नावातला ‘रॉक’, दोन्ही जुळून आले. दूधसागरकडे जाणाऱ्या गाडीतून कॅसलरॉक अनेकांनी बघितलं आहे, बेडूक मात्र फार थोड्यांनी.

६. दर काही वर्षांनी ‘नवे बेडूक सापडले’ अशी बातमी येते. हे इतकी वर्षं कुठे होते?

ओढ्यातच होते. नवी असते ती नोंद.

१८८२मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजे यांनी निक्टिबॅट्रॅकस हा वंश लिहिला, तेव्हा हाताशी दारूत बुडवलेले मोजके नमुने होते. रंग उडालेले, आवाज माहीत नाही, कुठल्या ओढ्यातले तेही मोघम. पुढची शंभर वर्षं अधूनमधून भर पडत राहिली. बंगळूरचे सी. आर. नारायण राव यांनी १९२० आणि १९३७मध्ये काही जातींची वर्णनं केली, पण त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. मूळ नमुना नसला की त्या नावाचा बेडूक नेमका कोणता, हे सांगायला कागदावरचं वर्णनच उरतं, आणि जुनी वर्णनं चार ओळींची असत. सातबारा हरवलेल्या जमिनीसारखी गत. जमीन आहे, नाव आहे, पण बांध कुठला ते कुणी ठासून सांगू शकत नाही.

२०११मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या वंशाची फेरतपासणी केली. घाटभर फिरून नमुने, आवाज आणि डीएनए गोळा केले. त्यातून १२ नव्या जाती निघाल्या आणि कित्येक दशकं कुणी न पाहिलेल्या तीन जुन्या पुन्हा सापडल्या. त्यांत रावांची १९२०ची कूर्गमधली जाती ९१ वर्षांनी हाती लागली. २०१७मध्ये सोनाली गर्ग, बिजू आणि सहकाऱ्यांनी आणखी सात जाती लिहिल्या आणि मोजदाद २८वरून ३५वर गेली.

आकडा नेहमी वाढतोच असं नाही. दोन नावांचा बेडूक एकच निघाला तर नंतरचं नाव मागे पडतं.

७. एवढेसे फरक काढून जाती वाढवायच्या, यात नाव कमावण्याचा भाग नाही का?

शंका रास्त आहे आणि प्राणिशास्त्रात ती जुनी आहे. पण रातबेडकांच्या बाबतीत एकाच पुराव्यावर सहसा कुणी थांबलेलं नाही. शरीराची मापं, आवाज आणि डीएनए, तिन्ही एकाच दिशेने बोलले तर दावा भक्कम होतो.

उलटी चूकही झालेली आहे. बुलेंजे यांनीच १८८२मध्ये एका इवल्या बेडकासाठी नॅनोबॅट्रॅकस असा वेगळा वंश केला. ‘नॅनो’ म्हणजे बुटका. पुढे तो निक्टिबॅट्रॅकसमध्येच विलीन करावा लागला. आकार लहान म्हणून नातं लांबचं, असं होत नाही. बुटक्या चुलतभावाला घराबाहेर काढल्यासारखं ते झालं होतं.

८. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा कोणता?

लहानांमध्ये चुरस आहे. वायनाडच्या कुरिचियारमलावरचा निक्टिबॅट्रॅकस मिनिमस २००७मध्ये जाहीर झाला. प्रौढ नर १० ते १४ मिमी. २०१७च्या सातांपैकी चार असेच: सगळे १६ मिमीच्या आत, रुपयाच्या नाण्यावर बसून कडेला जागा उरेल एवढे. ते ओढ्यात नसून पाल्यात आणि दलदलीच्या गवतात राहतात. आवाज किड्यांसारखा, अंग पिल्लासारखं; म्हणून लोक त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी बेडकाचं पिल्लू समजून पुढे गेले.

दुसऱ्या टोकाला निक्टिबॅट्रॅकस कर्नाटकाएन्सिससारखे ७–८ सेंमीचे दणकट बेडूक. एकाच वंशात एवढी तफावत असल्यामुळेच ‘आकारावरून ओळख’ हा मार्ग इथे चालत नाही.

९. ॲस्ट्रोबॅट्रॅकस एकटाच आहे, तरी त्याला वेगळं उपकुळ का?

कारण फांदी लांब आहे. कुळातल्या बाकीच्या दोन शाखांपासून तो ६ ते ७ कोटी वर्षांपूर्वी फुटला असावा, असा अंदाज आहे. त्या काळात एखाद्या फांदीला शंभर फाटे फुटू शकले असते; फुटलेले बहुधा मिटले आणि आज एकच टोक आपल्याला दिसतं.

तो दिसतोही कुणासारखा नाही. लांबी २ ते ३ सेंमी, काळपट अंगावर फिकट निळसर ठिपके, पोटाकडून नारिंगी. ठिपक्यांमुळे वंशाच्या नावात ‘ॲस्ट्रो’, म्हणजे तारा. जातीचं नाव कुरिचियाना हे वायनाडच्या कुरिचिया आदिवासींवरून. एस. पी. विजयकुमार आणि सहकाऱ्यांना तो २०१०मध्ये पानांच्या थराखाली सापडला होता, पण नातं कुठे जुळतं हे हाडं आणि डीएनए तपासून ठरेपर्यंत २०१९ उजाडलं. डोंगर कोणता? प्रश्न ८मधलाच, कुरिचियारमला. एका डोंगरावर कुळातला सर्वांत बुटक्यांपैकी एक आणि सर्वांत एकांडा, दोघेही.

१०. ६–७ कोटी वर्षं हे कळतं कसं? जीवाश्म सापडलेत का?

या कुळाचा जीवाश्म हाताशी नाही. वय काढतात डीएनएमधल्या फरकांवरून. दोन शाखा वेगळ्या झाल्या की प्रत्येकीच्या डीएनएमध्ये बदल साठत जातात. बदल किती, हे मोजता येतं; ते कोणत्या वेगाने साठले, हे ठरवायला बेडकांच्या इतर कुळांतले वय ठाऊक असलेले जीवाश्म वापरतात. त्यामुळे उत्तर एक आकडा नसून पट्टा असतो. ‘बरोबर ६ कोटी ५३ लाख वर्षांपूर्वी’ असं कुणी सांगितलं तर दुर्लक्ष करा.

जीवाश्मांचं म्हणाल तर एक गंमत मुंबईत आहे. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढे त्यांना इंडोबॅट्रॅकस हे वंशनाम मिळालं. हा कोणत्या कुळातला यावर मतं बदलत गेली, पण रातबेडकांचा पूर्वज म्हणून त्याला धरत नाहीत. तरी तो एक गोष्ट सांगून जातो, ती प्रश्न १३मध्ये कामाला येईल.

११. हे कुळ इथेच का? दक्षिण-पूर्व आशियात का पसरलं नाही?

भारताचा भूखंड सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे सरकत राहिला. आशियाशी टक्कर साधारण ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी. मधला काळ हा भूखंड बऱ्यापैकी एकटा होता. रातबेडकांच्या मुख्य शाखा याच काळात फुटल्या, असं डीएनए सांगतो. पश्चिम घाटातली आणखी दोन कुळं, पाय हलवून इशारे करणारे मायक्रिक्सॅलिडी आणि खडकांवर वाढणारे रॅनिक्सॅलिडी, यांची गोष्टही अशीच जुनी आहे.

टक्कर झाल्यावर भारतातल्या काही बेडूकशाखा आशियाभर पसरल्या, असा पुरावा बॉसाइट आणि मिलिन्कोविच यांनी २००१मध्ये मांडला. रातबेडूक त्या वरातीत गेले नाहीत. त्यांना लागतो गार, ओला, सावलीतला डोंगर. घाटाबाहेर उत्तरेला आणि पूर्वेला लांबलचक कोरडा मुलूख आहे. तो ओलांडणं त्यांना जमलं नसावं. हे शेवटचं वाक्य माझा तर्क म्हणून वाचा.

१२. मग श्रीलंका कशी? मध्ये समुद्र आहे.

समुद्र उथळ आहे. हिमयुगात पाणी उतरलं की दोन्हींमध्ये जमीन उघडी पडे, आणि हे शेवटचं सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत होत होतं. तरीही दोन्हीकडच्या बेडकांची सरमिसळ फार कमी झाली, हे २००४मधल्या अभ्यासाने दाखवलं. वाट होती, पण ती कोरड्या सखल भागातून जाणारी.

लंकानेक्टिसची फारकत त्याहून कितीतरी जुनी आहे. पीटर्स यांनी १८६३मध्ये वर्णन केलेला हा बेडूक बराच काळ ‘राना’ या सर्वसमावेशक वंशाच्या गोठ्यात बांधलेला होता. २००१मध्ये द्युबुआ आणि ओलर यांनी त्याला स्वतंत्र वंश दिला. २०१८मध्ये नकल्स डोंगररांगेतून दुसरी जाती आली. हे बेडूक बहुतेक वेळ पाण्यातच असतात, नर पाण्याखालून आवाज देतात आणि माशांच्या अंगावर असते तशी संवेदनांची रेषा त्यांच्या अंगावर प्रौढपणीही टिकते. इतर बहुतेक बेडकांमध्ये ती टॅडपोलबरोबरच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भैकेराबरोबरच, संपते.

१३. केरळात इतक्या जाती आणि महाराष्ट्रात इन-मीन दोन-तीन. आपल्याकडे शोध कमी झाला म्हणून का?

थोडं तसंही असेल, पण सगळं खापर शोधावर फोडता येणार नाही.

पहिलं कारण पाऊस. आपल्याकडे तो धो-धो पडतो, पण चार महिन्यांत. नंतरचे आठ महिने सडे आणि कातळ तापून निघतात. दक्षिणेत पावसाचे महिने जास्त आणि कोरडा काळ तोकडा.

दुसरं कारण डोंगरांची रचना. दक्षिणेत पालक्काडची सुमारे ३० किमी रुंद खिंड आणि त्याखाली शेंकोट्टाची खिंड घाटाचे तुकडे करतात. २०१२मध्ये फान बोक्सलार आणि सहकाऱ्यांनी याच कुळाचा वंशवृक्ष नकाशावर ठेवून पाहिला. बऱ्याच फांद्या एकेका डोंगरसमूहापुरत्या निघाल्या. खिंडीतली कोरडी, सखल हवा ओढ्याच्या बेडकाला भिंतीसारखी. दोन बाजूंना दोन घराणी वाढत गेली.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त खुणावतं. आपला सह्याद्री लाव्हाचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाप्रवाह वाहिले, तेव्हा दक्षिणेतले जुने डोंगर त्यातून वाचले. म्हणजे रातबेडकांचं कुळ या खडकाइतकंच जुनं, कदाचित जास्तच. हुमायुनीचे पूर्वज इथे मागाहून आलेले असावेत. लाव्हा थंड होऊन त्याची माती झाली, झाडी आली, ओढे वाहू लागले, मग पाहुणे. ‘त्या काळात इथे बेडूकच नव्हते’ असं मात्र म्हणू नका. प्रश्न १०मधला वरळीचा बेडूक दोन प्रवाहांच्या मधल्या उसंतीत, तळ्यात मजेत होता.

१४. मुंबईच्या रातबेडकाचं जुळणं वेगळं असतं म्हणतात. काय वेगळं?

बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीवरून घट्ट मिठी मारतो, आणि अंडी बाहेर पडतात तेव्हाच त्यांवर शुक्राणू सोडतो. हुमायुनीचा नर मिठी मारतच नाही. तो मादीवर फक्त स्वार होतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि निघून जातो. अंडी त्यानंतर पडतात. मादी त्यांच्यावर तशीच थांबते आणि पाठीवरचा ओघळ खाली उतरून अंड्यांपर्यंत पोहोचतो. फलन होताना नर-मादीचा स्पर्शच नाही.

बर्ट विलार्ट, बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात, कोयनेजवळच्या हुंबरळीच्या ओढ्यावर ४० रात्री बसून हे टिपलं आणि २०१६मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर बेडकांच्या मिठीचे सहा प्रकार माहीत होते, हा सातवा. याच कामात मादीही आवाज देते हे नोंदलं गेलं, आणि बेडकांत तेही विरळच. याच्या विणीबद्दल कुंटे यांनी २००४मध्ये आधी लिहिलं होतं.

अंडी पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या खडकावर असतात. टॅडपोल तिथून खाली ओढ्यात पडतात.

१५. कुळातले सगळे असंच करतात का?

नाही. उत्तर कन्नडमधला निक्टिबॅट्रॅकस कुंबारा पाहा. के. व्ही. गुरुराज आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये लिहिलेला. अंडी घातली गेली की नर पुढच्या पायांनी चिखल उचलतो आणि अंड्यांवर लिंपतो. कन्नडमधला ‘कुंबार’ म्हणजे आपला कुंभारच. लिंपण अंडी सुकू देत नसावं आणि खाणाऱ्यांच्या नजरेआड ठेवत असावं.

केरळातला निक्टिबॅट्रॅकस पूचा तर मांजरासारखा आवाज काढतो. पूचा म्हणजे मल्याळममधलं मांजर.

१६. नाकवाला जांभळा बेडूक याच कुळातला ना?

नाही. तो नासिकाबॅट्रॅकस, २००३मध्ये बिजू आणि बॉसाइट यांनी जाहीर केलेला. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली राहतो. त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. दोन्ही गोष्टींत पश्चिम घाट आणि सरकता भूखंड येतो म्हणून लोक मिसळतात, पण बेडकांच्या वंशवृक्षावर ही दोन कुळं एकमेकांपासून फार लांब आहेत.

१७. विषारी आहेत का? हातात घेतलं तर?

दक्षिण अमेरिकेतल्या रंगीत विषारी बेडकांशी यांचा संबंध नाही. हातात घेऊ नका, ते वेगळ्या कारणाने. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. आपल्या हातावरचं साबण, डासांचं मलम, घाम, सगळं थेट त्याच्या अंगात. शिवाय एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात बुरशीचे रोग बुटांबरोबर जातात. जागा बदलताना बूट घासून वाळवा.

१८. अंडी असलेलं पान घरी आणून टॅडपोल वाढवले तर चालेल?

नाही. कायद्याची अडचण आहेच, पण त्याशिवायही ते जगणार नाहीत. त्यांना वाहतं, गार पाणी लागतं. पान जिथे आहे तिथेच राहू द्या, दोन हात लांबून फोटो काढा, आणि पाठवताना जवळचं गाव व तारीख लिहा. ओढ्याचा नेमका ठिकाणा सगळ्यांना दिसेल असा टाकू नका.